पंप ज्वारीच्या डब्यात लपवू नका



आजचा विषय दम्याचे पंप आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या असा आहे. पण बचत गटाचं काम करणारी बाई, म्हणून सुरुवात गटाच्या वहीपासून करते. आमच्या अंतर्गत कर्जाच्या वहीत ‘कारण’ असा एक रकाना आहे. त्यात बियाणं, शाळेची फी, शेळी, घराचे पत्रे अशी कारणं असतात. मागच्या वर्षी एका सभासदाच्या नावापुढे एकच कारण पुन्हा पुन्हा येत होतं: मुलीचा खोकला. कधी पाचशे, कधी आठशे, परत पाचशे. मी एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, “दर वेळी सुई आणि पाच दिवसांच्या गोळ्या देतात. चार दिवस बरं वाटतं, की परत घरघर सुरू.” मी मान हलवली आणि सही घेतली. कर्ज वेळेवर फिटतंय ना, मग आपलं काम झालं, असं मला तेव्हा वाटायचं.

थंडीच्या दिवसांत एका रात्री दोन वाजता त्यांचा फोन आला. मी गेले तेव्हा सतरा वर्षांची ती मुलगी उंबऱ्यात बसली होती, दोन्ही हातांनी चौकट धरून. “ताई, मला...” एवढंच बोलायची आणि पुढचा शब्द श्वासात अडकायचा. १०८ ला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन लावला, वाफेच्या यंत्रातून औषध दिलं, तेव्हा पहाटे कुठे तिचा चेहरा निवळला. डॉक्टरांनी विचारलं, “हिला पंप दिलेला नव्हता का?” आई गप्प. नंतर व्हरांड्यात मला म्हणाल्या, “दिला होता हो ताई. दिवाळीपासून ज्वारीच्या डब्यात आहे. स्थळं बघतोय ना. पंप दिसला तर कोण हो म्हणेल?”

त्या माऊलीनंच मला परवानगी दिली आहे. म्हणाल्या, “सांगा सगळ्यांना, फक्त नाव घेऊ नका.” म्हणून आज बोलते आहे. मी नर्स नाही. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर दोन मासिक बैठकांना आल्या, त्यांनी शिकवलं, आम्ही लिहून घेतलं. आजचं हे लिखाण त्यांना वाचून दाखवूनच आणलं आहे. तुमच्या औषधाचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवणार, हे आधीच सांगते.

आधी दमा म्हणजे काय ते बघू. आपल्या श्वासनळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरत पसरत बारीक होत जातात. दमा असला की या नळ्या आतून सुजलेल्या राहतात. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा, मळणीचा भुसा किंवा गाजर गवताचे परागकण यांपैकी काही लागलं की तीन गोष्टी होतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतली सूज वाढते आणि चिकट कफ साठतो. वाट अरुंद झाली की शिट्टी वाजते, तीच घरघर. नीट लक्षात घ्या, स्नायू आवळणं वेगळं आणि सूज वेगळी. म्हणूनच औषधंही दोन प्रकारची आहेत.

आमच्या गटात आम्ही त्यांना नावं ठेवली. एक अडीअडचणीचा पंप आणि दुसरा रोजचा पंप.

अडीअडचणीच्या पंपात बहुतेक वेळा साल्ब्युटामॉल असतं. ते आवळलेले स्नायू सैल करतं. पाचेक मिनिटांत मोकळं वाटू लागतं आणि परिणाम चार ते सहा तास टिकतो. सूज मात्र ते उतरवत नाही. घेतल्यावर थोडे हात थरथरतात, छातीत धडधडतं. ते थोड्या वेळात कमी होतं, पण फार होत असेल तर डॉक्टरांना सांगायचं.

रोजच्या पंपात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन यांसारखं सूज उतरवणारं औषध असतं. ते घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. परिणाम दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. आपल्या बायका फसतात त्या इथेच. “या पंपानं काही होत नाही,” म्हणून तो ठेवून देतात आणि झटपट आराम देणाराच तेवढा वापरतात.

गटाच्या भाषेत सांगू? रोजचा पंप म्हणजे बचत आणि अडीअडचणीचा पंप म्हणजे कर्ज. बचत नियमित असली की कर्जाची गरज कमी पडते. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस अडीअडचणीचा पंप लागत असेल, किंवा खोकल्यानं रात्री जाग येत असेल, तर समजा की बचत कमी पडते आहे. मग स्वतःच्या मनानं पफ वाढवायचे नाहीत, डॉक्टरांकडे जायचं. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही हेच सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी आणि बारा वर्षांपुढच्या मुलांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये, सूज उतरवणारं औषध सोबत हवंच. काहींना डॉक्टर एकाच पंपात दोन्ही औषधं देतात, ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल. तोच रोजही घ्यायचा की अडचणीलाही, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.

पंपाचा रंग बघून ठरवू नका. कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. नाव वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या आणि पंपावर चिकटपट्टी लावून ‘रोज’ आणि ‘अडचण’ असं लिहून ठेवा.

आता दोन भीत्या. पहिली म्हणजे, “पंपाची सवय लागते.” सवय लागत नाही. आजार लांबचा आहे म्हणून औषध लांबचं आहे. चष्मा लावला म्हणून डोळ्यांना चष्म्याची सवय लागली, असं आपण म्हणत नाही.

दुसरी भीती, “पंप म्हणजे जोरदार औषध, गोळी बरी.” इथे सिस्टरांनी फळ्यावर हिशोब मांडला आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तीच गोळी ४ मिलिग्रॅमची येते. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस पफांएवढं औषध! गोळी पोटातून रक्तात जाते, सगळ्या अंगभर फिरते आणि मग थोडी फुप्फुसात पोहोचते. पंपाचं औषध थेट जिथे हवं तिथे जातं, म्हणून थोडक्यात भागतं. सूज उतरवणाऱ्या औषधाचंही तसंच. ते स्टिरॉइड आहे हे खरं, पण पंपातून ते मायक्रोग्रॅममध्ये मिळतं. पंपाला घाबरून आपण वारंवार जी सुई घेतो, तिच्यात कधी कधी तेच स्टिरॉइड कितीतरी मोठ्या मात्रेत असतं.

पण पंप बरोबर घेतला तरच उपयोग. दुसऱ्या बैठकीत सिस्टरांनी सगळ्यांना आपापले पंप आणायला सांगितले. सातजणींनी आणले, आणि एकीचीही पद्धत पूर्ण बरोबर नव्हती. एकजण टोपणासकट दाबत होती. एकजण तोंडासमोर धरून अत्तरासारखा फवारत होती. एका आजींना पावडरची कॅप्सूल मिळाली होती, ती त्या पाण्याबरोबर गिळत होत्या. वर्षभर! हसू नका, त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

तर दाबायच्या पंपाची पद्धत ऐका. ताठ बसा. टोपण काढा आणि पंप चांगला हलवा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंपाचं तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच वेळी एकदा दाबा. श्वास सावकाश आत ओढत राहा. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा पफ घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि मग घ्या. दोन्ही पंप एकाच वेळी घ्यायचे असतील तर आधी मोकळं करणारा, पाचेक मिनिटांनी सूज उतरवणारा.

पावडरच्या यंत्राची रीत उलटी आहे. त्यात कॅप्सूल यंत्रात बसवून फोडायची असते आणि श्वास हळू नाही, जोरात आणि खोल ओढायचा असतो. यंत्रात फुंकर मारायची नाही, पावडर ओली होते. ही कॅप्सूल कधीही गिळायची नाही.

रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरा आणि पाणी थुंकून टाका. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. आम्ही सोपं ठरवलं, पंप दात घासायच्या आधी घ्यायचा. मग चूळ आपोआप भरली जाते.

लहान मुलं, म्हातारी माणसं आणि ज्यांना दाबणं आणि ओढणं एकदम जमत नाही अशा सगळ्यांनी स्पेसर वापरावा. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं. औषध आधी त्यात साठतं आणि मग श्वासाबरोबर आत जातं, घशात कमी चिकटतं. एक पफ दाबायचा, पाच-सहा श्वास घ्यायचे, मगच दुसरा. स्पेसर घेणं परवडत नसेल तर एक ऐका. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या डॉक्टरांनी प्लास्टिकच्या ५०० मिलिलिटरच्या साध्या बाटलीचा स्पेसर करून दम्याच्या मुलांवर तपासला. बुडाला पंपाचं तोंड बसेल एवढं भोक आणि भोवतालची फट चिकटवून बंद केलेली. तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. त्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. बाटली पहिल्यांदा मात्र सिस्टरांकडून किंवा डॉक्टरांकडून करून घ्या. फट राहिली तर औषध वाया जातं. भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं धुवा आणि न पुसता तशीच निथळू द्या.

पंप संपला कसा कळायचं? पाण्यात टाकून बघायची युक्ती भरवशाची नाही. आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती बघा. नसेल तर हिशोब करा, हिशोबात आपण पक्क्या आहोत. १२० पफांचा पंप, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, म्हणजे तीस दिवस. ज्या तारखेला सुरू केला ती तारीख पंपावर लिहा. आणि पैशांसाठी सोडू नका. सरकारी दवाखान्यात विचारा, जनऔषधी केंद्रात औषधाच्या मूळ नावानं विचारा.

आता त्या पाच दिवसांच्या गोळ्यांकडे येऊ. त्या अँटिबायोटिक होत्या. आपल्या भाषेत प्रतिजैविकं. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं आणि कितीतरी जीव वाचले. ही औषधं जिवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ थांबवतात. पण सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं आणि विषाणूंवर या गोळ्यांचा काही परिणाम होत नाही. दमा उसळतो तोही बहुतेक सर्दीच्या विषाणूनं, धुरानं, धुळीनं. धुराला आणि सुजेला अँटिबायोटिक काय करणार? बेडका पिवळा-हिरवा दिसला म्हणून जिवाणूच आहेत असंही नाही. नुसत्या दम्यातही कफाला तसा रंग येतो.

मग त्या मुलीला दर वेळी चार दिवस बरं कसं वाटायचं? सिस्टरांनी सांगितलं, सोबतच्या सुईत सूज उतरवणारं किंवा नळ्या मोकळ्या करणारं औषध असू शकतं आणि सर्दी तर आपली आपण उतरतेच. काम केलं एकानं, नाव झालं गोळीचं.

अँटिबायोटिक लागतच नाही असं मात्र मी म्हणत नाही. न्यूमोनिया झाला, ताप चढला, छातीत दुखायला लागलं, तर डॉक्टर तपासून ती देतील आणि तेव्हा ती घ्यायलाच हवी. फक्त ती मेडिकलमधून आपल्या मनानं आणायची नाही. पट्टीच्या मागे उभी लाल रेघ दिसते ना? ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा इशारा. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये त्यासाठी मोहीमही काढली होती.

गोळ्या घ्यायच्याच झाल्या तर पाच गोष्टी पाळा. आधी कुठल्या गोळीनं अंगावर पुरळ, सूज किंवा धाप आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन एकाच घराण्यातली आहेत. दुसरं, जेवढे दिवस आणि ज्या वेळा सांगितल्या, तेवढे दिवस त्याच वेळी घ्या. तिसरं, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेऊ नका, दुधातल्या कॅल्शियममुळे औषध अंगी लागत नाही. चौथं, पोराच्या पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घाला, दर वेळी हलवा, सोबतच्या मापानंच द्या, घरातल्या चमच्यानं नाही. बाटलीवर लिहिलेले दिवस झाले की उरलेलं टाकून द्या. पाचवं, दम्याच्या माणसांसाठी खास. काहींना थिओफिलिनच्या गोळ्या चालू असतात. त्यांच्याबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन घेतलं तर थिओफिलिन अंगात साठतं. उलट्या, धडधड, अगदी झटकेही येऊ शकतात. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन जा.

आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जपून ठेवायच्या, मग शेजारणीच्या पोराला द्यायच्या, हे आपण प्रेमानं करतो. पण अर्धवट आणि विनाकारण घेतलेल्या औषधानं जिवाणू मरत नाहीत, ते निर्ढावतात. मग खऱ्या न्यूमोनियात तीच गोळी लागू पडत नाही. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना भाषणात हा धोका सांगून ठेवला होता.

अजून एक. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल, तर दमाच असेल म्हणून बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. टीबी असला तर वेळेत कळायला हवा, आणि मनानं घेतलेल्या काही अँटिबायोटिकमुळे तो झाकून राहतो.

आता धोक्याची खूण. बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर होतात, माणूस गुंगतो, किंवा अडीअडचणीच्या पंपानं आराम पडत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. माणसाला आडवं निजवू नका, ताठ बसवा, कपडे सैल करा. अडीअडचणीच्या पंपाचे चार पफ स्पेसरमधून एकेक करून द्या. चार-पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा चार द्या, आणि गाडी येईपर्यंत देत राहा. सकाळ होण्याची वाट बघू नका. घरघर अचानक थांबली पण माणूस थकलेला आहे, तर ती बरं होण्याची खूण नाही. हवाच जात नाहीये म्हणून आवाज बंद झाला आहे.

गरोदर बायकांनी पंप आपल्या मनानं बंद करू नये. आईला श्वास कमी पडला तर पोटातल्या बाळालाही प्राणवायू कमी पडतो. पंप बाळासाठीही चालू ठेवायचा असतो. डॉक्टरांना दिवस गेल्याचं सांगा, बदल करायचा तर ते करतील. कोजागिरीला दम्याचं औषध घ्यायला कुणी जात असेल तर श्रद्धेनं जा, पण त्या दिवसापासून पंप सोडू नका.

शेवटी पुन्हा त्या डब्याकडे येते. हा दाबायचा पंप आला कसा, माहीत आहे? १९५५ साली अमेरिकेत दमा असलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीनं वडिलांना विचारलं, केसांचा फवारा डब्यात येतो तसं माझं औषध का येत नाही? वडील जॉर्ज मेझन औषधाच्या कंपनीचे प्रमुख होते. १९५६ मध्ये पंप बाजारात आला. एका मुलीनं मागितला म्हणून तो जगाला मिळाला, आणि आपण आपल्या मुलींचा पंप ज्वारीत पुरून ठेवतो. लग्नानंतर सासरी तिला दम लागणारच आहे. तेव्हा पंप कुठे असेल?

ती मुलगी आता रोजचा पंप घेते. दोन्ही पंप आरशाखालच्या फळीवर, उघड्यावर असतात. एक स्थळ आलं होतं, त्यांना आईनं स्वतः सांगितलं. ते परत आले नाहीत. आई मला म्हणाल्या, “बरं झालं ताई, आधीच कळलं.” आणि माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे उन्हाळ्यात एक नवीन कर्ज पडलं आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: मुलीचं कॉलेज.

आज घरी पंप असेल तर एवढंच करा. तो काढा, नाव वाचा, तारीख लिहा, आणि पुढच्या वेळी सिस्टर भेटल्या की त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा. लाजू नका.